दिवेलागणीनंतरची दुर्बीण

आमच्या वावराचा वरचा धुरा जंगलाला लागून आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याची हद्द तिथून फार लांब नाही, त्यामुळे हरभरा घाट्यावर आला की रात्रीची जागल ठरलेली. मागच्या हिवाळ्यात काकाजी मचाणावर बसले होते. सूर्य बुडून वीसेक मिनिटं झाली असतील. धुऱ्याजवळ काहीतरी काळं हललं. डुक्कर आहे की अस्वल, एवढंच त्यांना पाहायचं होतं. डुक्कर असेल तर डबा बडवायचा, अस्वल असेल तर मचाणावरून पाय खाली टाकायचा नाही. मी नवी घेतलेली दुर्बीण त्यांच्या हाती दिली. त्यांनी मिनिटभर डोळ्याला लावली आणि परत केली.

"का गा, नुसत्या डोयानं दिसते त्याच्यापेक्षा ह्याच्यात जास्तच अंधार हाय!"

दुर्बिणीवर ठळक अक्षरात ‘30×60 नाइट व्हिजन’ छापलेलं होतं. भिंगं लालचुटुक. एका ऑनलाइन दुकानातून मागवली होती आणि दुपारी अंगणातून पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचून मी खूशही झालो होतो. पण काकाजींचं म्हणणं शब्दशः खरं होतं. पुढं पट्टी लावून पाहिलं तेव्हा 60 मिलिमीटर म्हणवणारं भिंग जेमतेम 22 भरलं. त्या फसगतीमुळे मी या विषयाच्या मागे लागलो. भेटेल त्याची दुर्बीण मागून पाहायची आणि मोजायची, हा नाद लागला.

पहिली गोष्ट मनात पक्की बसायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. दुर्बीण उजेड पाडत नाही, आणि आहे तो उजेड वाढवतही नाही. जगातली सगळ्यात महाग काच घेतली तरी तिच्यातून दिसणारं झुडूप नुसत्या डोळ्यानं दिसतं त्याहून उजळ दिसूच शकत नाही. थोडं मंदच दिसतं, कारण वाटेत काही उजेड सांडतो. मग फायदा काय? फायदा असा की ते आठपट जवळ आल्यासारखं, म्हणजे मोठं दिसतं. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला बारीक वस्तू कळत नाही, मोठी कळते. दीडशे मीटरवरचा काळा गोळा अंधारात गोळाच राहतो. तोच गोळा वीस मीटरवर असल्यासारखा दिसला की कान, पाठीचा उतार, चालण्याची ढब लक्षात येते. तेव्हा चांगल्या दुर्बिणीकडून अपेक्षा एवढीच ठेवायची की तिनं चित्र मोठं करावं आणि ते करताना उजेड कमीत कमी सांडावा.

आता दुर्बिणीवरचे आकडे. 8×42 म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. येतं 5.25. ही झाली डोळ्याच्या बाजूनं बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या चकतीची रुंदी, मिलिमीटरमध्ये. एक्झिट प्युपिल म्हणतात ती हीच. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करा, डोळा लावायच्या काचेत एक गोल उजळ टिकली तरंगताना दिसेल, तीच ती. 10×42 ची टिकली 4.2 ची, 7×50 ची सातच्या थोडी वर, 8×56 ची बरोबर 7 ची, आणि खिशात मावणाऱ्या 10×25 ची फक्त अडीचची.

ही टिकली डोळ्याच्या बाहुलीतून आत जाते. बाहुली दुपारी आकसून दोन-तीन मिलिमीटर होते आणि अंधारात फाकते. तिफणीच्या चाड्यावर मूठ कितीही मोठी धरली तरी नळीतून दाणे नळीच्या मापानंच उतरतात. तसंच इथं. टिकली बाहुलीपेक्षा बारीक असेल तर बाहुली अर्धी उपाशी राहते आणि चित्र काळवंडतं. टिकली बाहुलीपेक्षा मोठी असेल तर वरचा उजेड बुबुळावर सांडून वाया जातो. भर दुपारी 10×25 आणि 8×56 मध्ये उजेडाचा फरक जाणवत नाही तो यामुळेच, कारण बाहुलीच तेव्हा बारीक असते. दुकानात ट्यूबलाइटखाली पारखून घेतलेली दुर्बीण संध्याकाळी दगा देते, त्याचंही कारण हेच.

आणि इथं वयाचा प्रश्न येतो, ज्याबद्दल विकणारा अवाक्षर काढत नाही. विशीतल्या पोराची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत फाकू शकते. वय वाढतं तशी ती कमी फाकते, साठीनंतर बऱ्याच जणांची पाचच्या आतच थांबते. माणसागणिक फरक असतो म्हणून मोजून पाहिलेलं बरं, आणि मोजायला डॉक्टरकडे जावं लागत नाही. आम्ही ड्रिल मशीनचे बिट वापरले. चार, पाच, सहा, सात मिलिमीटरचे. टोकाला जाड टेप गुंडाळायचा, म्हणजे डोळ्याला इजा व्हायची भीती नाही. अर्धा तास काळोखात बसायचं, एक डोळा झाकायचा, एखादी ठळक चांदणी निवडायची आणि बिटाची मागची गोल दांडी दुसऱ्या डोळ्यासमोर जवळ उभी धरायची. दांडी बाहुलीपेक्षा बारीक असेल तर चांदणी झाकली जात नाही, तिचा उजेड दांडीच्या दोन्ही बाजूंनी आत येतो. ज्या दांडीनं ती पार झाकली गेली तिच्या आत तुमची बाहुली. काकाजींची चांदणी पाचवर गेली. माझी सहावर. पुतण्या एकोणीस वर्षांचा, त्याची सातच्या दांडीनं गेली.

म्हणजे आमच्या घरात 7×50 किंवा 8×56 आणली तर तिचा पुरेपूर उपयोग एकट्या पुतण्याला. काकाजींसाठी तिचा जवळपास निम्मा उजेड बुबुळावर सांडणार, आणि गळ्यात वजन मात्र पूर्ण. 8×42 ची सव्वापाचची टिकली त्यांना भरपूर, 10×42 सुद्धा फार कमी पडणार नाही. साठीच्या पुढच्या माणसानं महाग काच घेण्याआधी मोतीबिंदू तपासून घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. डोळ्यातलं भिंग पिवळट आणि गढूळ झालं असेल तर ते जितका उजेड अडवतं तितका परत मिळवणं कुठल्याही कंपनीच्या काचेला जमत नाही.

दुकानदार किंवा जाहिरात आणखी एक आकडा पुढं करते, ट्वायलाइट फॅक्टर. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ. 8×42 चा 18.3, 8×56 चा 21.2. सांजवेळी नुसता उजेड कामाचा नाही, मोठं दिसणंही कामाचं, हे त्यात खरं आहे. पण 20×50 चा हिशेब केला तर 31.6 येतो, म्हणजे ती सगळ्यात भारी! प्रत्यक्षात तिची टिकली अडीचची, चित्र अंधारलेलं, आणि वीसपट मोठं करताना हाताची थरथरही वीसपट होते. हा आकडा काचेचा दर्जा, मुलामा, बाहुली यातलं काहीच जाणत नाही. जवळजवळ सारख्या दोन दुर्बिणींत तुलना करायला ठीक, एरवी सोडून द्या.

आता ही उजेडाची काटकसर शिकली कुणी, तर जर्मनी-ऑस्ट्रियातल्या शिकाऱ्यांनी. तिथं रानडुकराची शिकार कायदेशीर आहे आणि ती उंच मचाणावर बसून, बहुतेक वेळा सांजेला किंवा चांदण्यात होते. म्हणून त्यांच्या रायफलीवरच्या दुर्बिणी 56 मिलिमीटर भिंगाच्या. जुनी नावाजलेली 8×56 ही त्यांचीच, सातची टिकली काढून बनवलेली. आजच्या महागड्या रायफल-दुर्बिणी मोठेपणा कमी-जास्त करता येणाऱ्या असतात, पण 56 चं भिंग कायम. सांजेला माणूस मुद्दाम सात-आठपटीवर आणून पाहतो, कारण पंधरापटीवर तीच टिकली पावणेचारची होते. त्या बाजारात एक गैरसमज फार चालतो, की मधली नळी 30 मिलिमीटरची असेल तर एक इंची नळीपेक्षा जास्त उजेड येतो. तसं नाही. जाड नळीमुळे आतली भिंगं वर-खाली, डावी-उजवी सरकवायला जागा जास्त मिळते. उजेड ठरतो पुढच्या भिंगावर, मुलाम्यावर आणि तुमच्या बाहुलीवर. नेम धरायची काळी रेघ काळ्या जनावरावर दिसेनाशी होते म्हणून मधोमध लाल ठिपका पेटवायची सोय असते. तो ठिपका थोडा जरी भडक ठेवला तरी डोळा दिपतो आणि मागचं जनावरच हरवतं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हौसेची शिकार बंद आहे, पिकं खाणाऱ्या जनावराला मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. रोही-डुकरांनी वावर तुडवलं तर वनखात्याकडे अर्ज, पंचनामा आणि भरपाई, हा नेहमीचा रस्ता. रायफलीवरची काच आपल्या कामाची नाही. पण जागलीवर बसणारा शेतकरी, बुद्धपौर्णिमेला ताडोब्यात किंवा मेळघाटात पाणवठ्याच्या मचाणावर रात्र काढणारा निसर्गप्रेमी आणि तो जर्मन शिकारी, तिघांपुढचं कोडं एकच. म्हणून त्यांचं गणित आपण हातातल्या दुर्बिणीला लावायचं.

मात्र एक फरक त्या लोकांच्या सल्ल्यात दिसत नाही. बर्लिनला जूनमध्ये सूर्य बुडाल्यावर कामापुरता संधिप्रकाश पाऊण तासाच्या वर टिकतो. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे तोच उजेड वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो आणि साधारण सव्वा तासात पूर्ण काळोख. 8×56 ची खरी कमाई त्या संधिप्रकाशाच्या शेवटच्या तुकड्यात आणि चांदण्यात. म्हणजे आपल्या संध्याकाळी ती दहा-पंधरा मिनिटं जास्तीची देते. त्यासाठी सव्वा किलोच्या आसपासचं वजन आणि चढी किंमत परवडते का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. अमावास्येच्या रात्री झाडीत तर कुठलीच काच चालत नाही. उष्णता टिपणारी थर्मल यंत्रं ही निराळीच जात आहे, तिचा या गणिताशी संबंध नाही.

उजेड सांडतो कुठं? काच आणि हवा जिथं जिथं भेटतात तिथं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चारेक टक्के उजेड माघारी फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे बारा पृष्ठभाग धरले तर पलीकडे पोचतो फक्त 61 टक्के. 1935 साली झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ थर चढवून हे परावर्तन कमी करायची रीत काढली. ती इतकी मोलाची ठरली की युद्धात जर्मनीनं ती गुपित ठेवली. आज चांगल्या दुर्बिणीत असे अनेक थर प्रत्येक पृष्ठभागावर असतात, दर पृष्ठभागाला नुकसान अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणजे त्याच बारा पृष्ठभागांतून 94 टक्के पार. खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ असं लिहिलेलं हवं. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे एखाद्या भिंगावर एखादा थर. दुकानातल्या दिव्याचं प्रतिबिंब भिंगात पाहा. चांगल्या मुलाम्यात ते मंद हिरवं-जांभळं दिसतं, वाईटात पांढरंफटक. आणि माझ्यासारखी लालभडक भिंगं? ती तांबडा उजेड बाहेर फेकतात म्हणून लाल दिसतात. फेकलेला उजेड डोळ्यापर्यंत येणार कसा?

दुसरी गळती लोलकात. भिंगांतून चित्र उलटं येतं, ते सुलटं करायला आत लोलक असतात. जुन्या धाटणीची, खांदे बाहेर आलेली दुर्बीण पोरो लोलकाची. त्यात उजेड काचेच्या आतूनच पुरता परततो, आरशाची गरज पडत नाही. सरळ नळीच्या सडपातळ दुर्बिणीत रूफ लोलक असतो आणि त्याच्या बहुतेक प्रकारांत एका बाजूला आरशाचा मुलामा द्यावा लागतो. मुलामा ॲल्युमिनियमचा असेल तर दहाएक टक्के उजेड तिथंच गेला. चांदीचा बरा, आणि डायइलेक्ट्रिक नावाचा सगळ्यात चांगला, 99 टक्क्यांच्या वर परत देणारा, पण महाग. रूफ लोलकात चित्र थोडं मळकट करणारा आणखी एक दोष असतो, तो घालवणारा ‘फेज कोटिंग’ थर झाइसनंच 1988 मध्ये आणला. या सगळ्याचा अर्थ असा की पोरोची आठ-दहा हजारांची दुर्बीण संध्याकाळी रूफच्या वीस हजारांच्या दुर्बिणीला सहज टक्कर देते. दिसायला जुनाट, धरायला जाड, बस. निकॉन आणि ऑलिंपसच्या अशा साध्या 8×40 अजूनही लोकांकडे आहेत. घरात मोठ्यांची पडलेली असेल तर आधी ती काढून पुसा.

पोरोत एकच बघायचं. हातभर लांब धरल्यावर उजेडाची टिकली पूर्ण गोल दिसते, की कडा कापल्यासारखी चौकोनी? चौकोनी आणि कडेला करडी असेल तर लोलकाची काच हलकी आहे. गोल असेल तर ती बाक-4 नावाच्या चांगल्या जातीची. टिकलीवर पट्टीही धरा. हिशेबानं पाच यायला हवी आणि साडेतीनच भरत असेल तर आत काहीतरी कापलेलं आहे, बाहेर काहीही छापलेलं असो.

मग दोन-अडीच लाखांच्या झाइस-स्वारोव्स्कीत काय मिळतं? उजेडाचं म्हणाल तर पाच-सात टक्के, आणि पाच टक्क्यांचा फरक डोळ्याला जवळजवळ कळत नाही. पैसे जातात ते दुसऱ्या गोष्टींना. मावळतीकडे तोंड करून पाहिलं तर स्वस्त दुर्बिणीत सगळीकडे दुधी पडदा पसरतो. आतल्या नळीवरून, भिंगांच्या कडेवरून उडालेला फालतू उजेड तो. महाग दुर्बिणीत आतला काळा रंग, कडा, खाचा इतक्या कसोशीनं केलेल्या असतात की काळं ते काळंच राहतं. सांजवेळी काळ्या झुडपासमोर काळं डुक्कर वेगळं काढायला हेच लागतं. हा फरक मी स्वतः पाहिला आहे आणि तो मानतो. पण एवढ्या पैशात शेताला तारेचं कुंपण होतं, हेही तितकंच खरं.

काचेइतकंच काम डोळ्याकडून करून घ्यावं लागतं, आणि त्याला पैसा लागत नाही. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या आणि अंधारात काम करणाऱ्या वेगळ्या. अंधारवाल्या पेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस-तीस मिनिटं घेतात आणि मोबाइलचा एक झोत त्यांना परत झोपवतो. मचाणावर चढल्यावर फोन बघायचाच नाही, आणि लागलाच उजेड तर बॅटरीच्या काचेवर लाल कागद लावून, कारण गडद तांबड्या उजेडाला या पेशी जवळपास आंधळ्या असतात. भिवापूरकडे मिरचीचे सातरे वाळत घातलेले असतात, ते दिवेलागणीला पाहा. दुपारी पेटल्यासारखी लाल दिसणारी मिरची आधी काळी पडते, बाजूचं हिरवं गवत त्यानंतरही उजळ दिसत राहतं. या पेशी नजरेच्या अगदी मध्यावर नसतातच, म्हणून अंधारात रोखून पाहिलेली वस्तू विरघळते. जनावराच्या थोडं बाजूला पाहा, ते कडेनं स्पष्ट होईल. काकाजींना हे सांगितलं तर हसले. "हे तं आम्ही लहानपणापासून करतो, तू पुस्तकात वाचलं व्हय?"

बाकीचं थोडक्यात. चष्मा लावून पाहणार असाल तर आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसायला डोळा मागच्या काचेपासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर, सोळा मिलिमीटरच्या आसपास हवा, नाहीतर चित्राचा मधलाच तुकडा दिसतो. पहाटेच्या धुईत दुर्बीण आतून धुरकटते, म्हणून नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी असेल तर थोडे जास्त द्या. आपल्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते आणि मुलामा कायमचा खाते. तेव्हा ती चामडी पेटीत कोंडून कपाटात ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या अधूनमधून तव्यावर मंद आचेवर वाळवून घ्या.

शेवटी आम्ही घेतली ती एक पोरो 8×40, वापरलेली, नागपुरातून. घेण्याआधी दुकानदाराला म्हटलं, सूर्य बुडेपर्यंत थांबतो. तो वैतागला, पण थांबू दिलं. समोरच्या गल्लीत सावलीत उभ्या असलेल्या ट्रकचा नंबर तीन दुर्बिणींतून आळीपाळीनं वाचत राहिलो, आणि ज्यातून तो सगळ्यात शेवटपर्यंत वाचता आला ती उचलली. काकाजींनी त्याच आठवड्यात तिच्यातून धुऱ्यावरचं जनावर ओळखलं. शेजारच्यांची सुटलेली वगार होती.